रक्तदाबाशी घासाघीस

बाळांनो, आधी एक सांगा. काटा एक म्हणतो आणि मन दुसरं म्हणतं, तर विश्वास कुणावर ठेवायचा? काट्यावर? बरं. आता तोच काटा तुमच्या दंडाला बांधलेला असेल तर? मग ऐका.

एका जंगलात नरसूशेट नावाचं अस्वल होतं. मधाचा व्यापार, पोटाचा घेर मोठा, बोलणं गोड. तीस वर्षं कड्यावरचं हंगामातलं पहिलं पोळं नरसूशेटच उतरवत आला होता. त्या मानावर तो जगत होता म्हणा ना.

त्याचं एक तत्त्व होतं. समोरचा जो पहिला आकडा सांगतो, तो खरा कधीच नसतो. खरा आकडा तिसऱ्या-चौथ्या बोलीला निघतो.

यंदा त्याला साधं टेकाड चढताना धाप लागायला लागली. तेव्हा त्याची बायको ठमाबाई त्याला बगळे वैद्यांकडे घेऊन गेली. वैद्यांनी दंडाला पट्टा बांधला. यंत्र फुसफुसलं.

"वरचा एकशे शहात्तर," वैद्य म्हणाले.

"काहीतरी कमी करा," नरसूशेट म्हणाला. "आपली जुनी ओळख आहे."

वैद्यांनी गोळी दिली, मीठ तोडलं, एक यंत्र दिलं आणि फोनमध्ये ॲप घालून दिलं. "रोज सकाळी शांत बसून मापा. येईल तो आकडा ह्यात लिहा. पंधरा दिवस एकशे चाळीसच्या खाली राहिलात, तर खुशाल कडा चढा. नाहीतर यंदाचं पोळं जावयाला उतरवू द्या."

जावई हा शब्द नरसूशेटला गोळीपेक्षा कडू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पट्टा बांधला. यंत्र म्हणालं, एकशे बहात्तर.

"ही झाली सांगायची किंमत," नरसूशेट म्हणाला आणि पुन्हा मापलं. एकशे त्रेसष्ट. "आता बोलायला लागलास." मग दुसऱ्या दुकानात निघाल्यासारखं तोंड फिरवून त्याने तिसऱ्यांदा मापलं. मग पट्ट्याचा हात जरा वर धरला. मग आणखी वर, पार डोक्याच्याही वर धरला. आठव्या खेपेला एकशे अडतीस निघाले.

"चल, तुझंही राहिलं, माझंही राहिलं," असं म्हणून त्याने तेवढे लिहिले. ॲपवर एक हिरवं पान उगवलं आणि तिथल्या निरोगी प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव वर चढलं. खाली अक्षरं आली, 'शाब्बास.'

ठमाबाई भाकरी थापत होती. "अहो, मला एकशे बहात्तर दिसले."

"ती पहिली बोली होती."

"यंत्राला काय विकायचंय तुम्हाला?"

"अगं, आकडा सांगणारा प्रत्येक जण काहीतरी विकतच असतो. तू भाकरीकडे बघ."

"भाकरीकडे बघतेच आहे. बरणीतलं लोणचं कोण खातंय, तेही बघते आहे."

पंधरा दिवसांत पंधरा पानं झाली. वैद्यांनी फोन पाहिला. पट्टा त्यांच्या हाताशीच होता. पण पंधरा हिरवी पानं समोर असताना कोण मापत बसतो? "उत्तम," ते म्हणाले. "चढा."

पुनवेच्या सकाळी सगळं जंगल कड्याखाली जमलं. नरसूशेट निघाला. निम्म्यावर गेला आणि कानात माश्या गुणगुणायला लागल्या. पोळं तर अजून खूप वर होतं. डोळ्यांपुढे अंधारी आली. एका कपारीला मिठी मारून तो थांबला. आकडा थोडा उतरतोय का, म्हणून सवयीने त्याने पुन्हा वर पाहिलं. पण कडा दोनशे हातांचा होता, आणि दोनशे हातांचाच राहिला.

शेवटी जावई वेलीचा दोर घेऊन वर गेला आणि सासऱ्याला पाठीशी बांधून खाली घेऊन आला.

ठमाबाईने तिथेच पट्टा बांधला. एकशे चौऱ्याऐंशी.

"पुन्हा मापू?" तिने विचारलं.

नरसूशेटने एकदा कड्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "नको," तो म्हणाला. "लिही."

"हाच?"

"हाच. पहिला."

तिने लिहिला. ॲपवरची पंधराही पानं गळून पडली. जंगलातल्या निरोगी प्राण्यांच्या यादीत पहिला असलेला नरसूशेट तळाला गेला. पहिल्या नंबरावर कोल्हा आला. त्याचा आकडा रोज एकशे वीस असे. यंत्र त्याच्याकडे नव्हतंच.

नरसूशेटची गोळी वाढली. लोणचं बंद झालं. पोळं जावयाने उतरवलं. समाचाराला येणारे हळहळत होते. "शेट, पंधरा दिवस कसे ठणठणीत होतात. नेमका खरा आकडा लिहिलात आणि अंथरुणाला खिळलात."

तात्पर्य: प्रकृती उत्तम राहावी असं वाटत असेल, तर ॲप घ्यावं, यंत्र घेऊ नये.

आणि बाळांनो, ज्यांना यादीत वर राहण्यापेक्षा चार दिवस जास्त जगायचं आहे, त्यांना एक विनंती. आकडा येईल तसा टिपा. हिशेब तेवढा खरा ठेवा.