मेमरीच्या तुकड्यांना हळदकुंकू

नाजूक वस्तू जपावी कशी, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! आमच्या प्रयोगशाळेत काच फुटली, की सगळे एकमेकांकडे बघतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. म्हणून तर सरांनी ते सहा तुकडे माझ्या हवाली केले. नखाएवढे, आरशासारखे चकचकीत. वर कोबाल्ट, लोह आणि बोरॉनच्या मिश्रधातूचा थर, केसाहून हजारो पटींनी पातळ. आठ महिन्यांची मेहनत! सोमवारी हैदराबादच्या यंत्रावर त्यांची चाचणी होती. ती हुकली तर पुढची पाळी सहा महिन्यांनी, आणि माझी पीएचडी तोवर लटकलेली.

वाटेत दोन दिवस सिरसाळ्याला घरी उतरले. आईला डबी उघडून दाखवली.

"यातून कॉम्प्युटरची नवी मेमरी होणार. इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर चालते. लाईट गेली तरी काही विसरत नाही."

"मग ही आपल्या सिरसाळ्यासाठीच केलीय की," आई म्हणाली.

"लई मोलाची वस्तू आहे, सांभाळ," असं बजावून मी आंघोळीला गेले. चुकलं ते इथंच. आमच्या घरी मोलाची नवी वस्तू आली, की तिची पूजा ठरलेली. शिलाई मशीन सुटलं नाही, पाण्याची मोटार सुटली नाही. मी बाहेर येऊन बघते, तर सहाही तुकडे देव्हाऱ्यापुढे पाटावर मांडलेले, प्रत्येकाला ओल्या हळदकुंकवाचं बोट आणि वर अक्षता!

"आई, काय केलंस हे!"

"कावून ओरडायलीस? चांगल्या कामाला चाललेत. असंच धाडू का?"

मी ओढणीनं पुसत सुटले. एक, दोन, तीन... पाच तुकडे खसाखसा पुसले. सहाव्याला आईनं माझं मनगट धरलं.

"घासू नगंस. घासून घासून आपल्या खंडोबाच्या टाकावरचं नाक गेलं. तवापासून मी टाक नुसते पाण्यात हलवते."

"साधं पाणी चालणार नाही. त्यातले क्षार बसतील."

आई चपला घालून निघाली आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या बजरंगकडून बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा कॅन घेऊन आली. तुकडा कडांना धरून वाटीत हलवला, पाणी बदललं, पुन्हा हलवला. अकरा वाट्या पाणी झालं. मी शेजारी बसून रडत होते आणि ती अजिबात घाई करत नव्हती.

हैदराबादला माझे पाचही तुकडे बाद निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली नांगरलेल्या रानासारखे दिसत होते. सहाव्याचा आलेख मात्र असा सुरेख आला, की मला पुन्हा रडू फुटलं. माझी पीएचडी वाचली ती आईच्या हातामुळे. हे तिला कधी नीट सांगता येईल, असं वाटत नाही.

सरांना फोनवर सगळं खरं सांगितलं. त्यांनी आईची पाण्यात हलवायची रीत पुन्हा नीट विचारून घेतली. मग म्हणाले, "तुमच्या आईंना विचारा, आपल्या प्रयोगशाळेतल्या मुलांना ही पद्धत शिकवायला येतील का?"

मी लगेच आईला फोन लावला.

"आता न्हाई जमायचं, कापूस फुटलाय," ती म्हणाली. "वेचणी झाली की येते. पोरांना मी शिकवीन. तू तेवढी लांब बस."