अट क्रमांक सात

ज्योतीराम घोडकेने परवानगी न घेता आयुष्यात एकच गोष्ट केली, ती म्हणजे सातव्या महिन्यात जन्म. आई त्याबद्दल अजून ऐकवते. तेव्हापासून मात्र त्याने सगळं विचारून केलं. चाकणच्या एका कंपनीत तो क्वालिटीला आहे, आणि तिथे सही असल्याशिवाय साधा स्क्रूसुद्धा जागचा हलत नाही. (घरातही विजयश्रीच्या सहीशिवाय फारसं काही हलत नाही, पण तो विषय वेगळा.)

मोशीत त्याच्या घरासमोर नवा फुटपाथ झाला, तेव्हा पहिल्या दिवशी त्याने त्यावर कौतुकाने हात फिरवला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की फुटपाथ रस्त्यापासून चांगला वीतभर उंच आहे आणि बायकोची स्कूटर गेटच्या आत आहे. विजयश्री निघोज्याच्या एका शाळेत शिकवते. साडेसातला प्रार्थना, आणि मुख्याध्यापिका शालनबाई दारातच उभ्या. तीन लेट मार्कांना एक सुट्टी कापली जायची, आणि धाकट्या बहिणीच्या, अंजलीच्या लग्नासाठी विजयश्रीने मोजून सहा सुट्ट्या जपल्या होत्या. आता रोज सकाळी दोघं फळी टाकून स्कूटर उतरवू लागले. फळी हलायची, दोघं एकमेकांना "धर ना नीट" म्हणायचे आणि स्कूटर मध्येच फतकल मारायची.

शेजारच्या गॅरेजवाल्या अजीजभाईंनी एका दुपारी दोन पोती सिमेंट ओतून आपला रॅम्प करून टाकला. दिसायला उंटाच्या पाठीसारखा, पण रॅम्प.

"ज्योतीरामभाऊ, माल उरलाय. बोला, चहा होईस्तोवर तुमचंबी काम खतम."

"फुटपाथ सार्वजनिक आहे, अजीजभाई. परवानगी लागते."

अजीजभाईंनी ताप चढलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. विजयश्री म्हणाली, "अहो, करू द्या ना त्यांना."

"एक महिना दे. मोशीत दुसरा नसेल असा रॅम्प करतो."

(हे वाक्य शब्दशः खरं ठरलं. सगळा घोटाळा तिथेच झाला.)

वॉर्ड ऑफिसात तो लढाईच्या तयारीने गेला. चार चकरा, जेवणाची सुट्टी, साहेब साइटवर, सगळं गृहीत धरून. पण खिडकीतला लिपिक गणराज चक्क जागेवर होता.

"एक अर्ज, टॅक्सची पावती, एक फोटो," गणराज म्हणाला. "आठवड्यात होईल."

ज्योतीरामचा हिरमोड झाला. त्याने बेचाळीस पानांची फाइल आणली होती. तीत ड्रॉइंग होतं, उतार दोन दशांशांपर्यंत काढलेला होता, पावसाचं पाणी कुठून कुठे जाईल ते होतं, आणि संभाव्य धोक्यांच्या यादीत मांजर आडवं जाण्यासाठी वेगळा रकाना होता.

"एवढं लागत नाही हो."

"लागत नसलं तरी असू द्या. रेकॉर्डला बरं."

रेकॉर्डला लागलं म्हणजे कुणीतरी वाचणं आलं. इंजिनिअरसाहेबांनी वाचलं, आणि उतार दशांशात आहे म्हणून जातीने मोजायला आले. ज्योतीरामने नम्रपणे त्यांच्या टेपची कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासल्याची, तारीख विचारली. साहेब टेप गुंडाळून गेले, ते तीन आठवड्यांनी नवी टेप घेऊन उगवले. आठवड्याचं काम असं अडीच महिन्यांवर गेलं. तोवर विजयश्रीचे सहा लेट मार्क झाले. "मेंदी गेली, हळद गेली," ती म्हणाली. "आता लग्न तरी राहू द्या."

शेवटी परवानगी आली. तिच्यात अट क्रमांक सात होती: रॅम्प सार्वजनिक पदपथाचा भाग समजला जाईल, त्याचा वापर करण्यास कोणासही अडवता येणार नाही. ज्योतीरामला ती इतकी न्याय्य वाटली की त्याने कागद लॅमिनेट करून गेटला लावला.

भिवा गवंड्याने तीनदा काम सोडलं आणि चारदा धरलं. ज्योतीराम स्पिरिट लेव्हल घेऊन त्याच्या मानगुटीवर बसला होता. पण रॅम्प झाला तो असा की समोरच्या गिरजाबाई मुद्दाम बघायला आल्या. "लई गुळगुळीत हाय रं," त्या म्हणाल्या. "लोनी सांडलं तर परत भरून घ्येता यील."

सोमवारी सकाळी सातला ज्योतीरामने नारळ फोडला. विजयश्रीने हेल्मेट घातलं. त्याने गेट उघडलं.

रॅम्पवर एक मोटरसायकल होती. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, आणि रांग पार किराणा दुकानापर्यंत. शिफ्टची वेळ. सिग्नलपर्यंत रस्ता तुंबलेला, फुटपाथ रिकामा, आणि त्यावर चढायला अख्ख्या रस्त्यावर एकच धड जागा. अजीजभाईंच्या उंटावर गाडीचं पोट घासायचं, म्हणून तिकडे कुणी फिरकत नव्हतं.

"अहो, थांबा. हा रॅम्प आमच्या गेटसाठी आहे," ज्योतीराम आडवा झाला.

गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेल्या एकाने गेटवरचा कागद वाचला. "राव, अट सात बघा की. कोणासही अडवता येणार नाही." आणि तो चढून गेला.

"एक नंबर काम केलंय, काका," मागचा म्हणाला.

"अहो, मग मीही फुटपाथवरूनच पुढे जाते," विजयश्री म्हणाली.

"फुटपाथवरून गाडी? अजिबात नाही. आपल्याला परवानगी फक्त आडवं ओलांडायची आहे."

विजयश्रीने हेल्मेट काढलं. त्या आठवड्यात आणखी तीन लेट मार्क झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ज्योतीराम रॅम्प काढायचा अर्ज घेऊन पुन्हा त्याच खिडकीशी गेला. गणराजने पत्ता वाचला आणि त्याचा चेहरा फुलला. "तो रॅम्प तुमचा? भाऊ, मी रोज तिथूनच येतो. म्हणून तर हल्ली वेळेच्याही आधी जागेवर असतो. काढायचा तर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतील." त्याने पेन उघडलं. "पहिली माझीच लिहितो."

घरी आला तर दोन अंगणांमधल्या भिंतीत दार झालं होतं. अजीजभाईंनी चहा होईस्तोवर भिंत फोडून ते केलं होतं, परवानगी न घेता. दुसऱ्या दिवसापासून विजयश्री त्या दाराने अजीजभाईंच्या अंगणात जाऊ लागली, उंटावरून डुलत उतरू लागली आणि प्रार्थनेच्या दहा मिनिटं आधी शाळेत पोचू लागली. लग्नाच्या तीन सुट्ट्या वाचल्या.

पुढच्याच गुरुवारी ज्योतीरामची कंपनीची बस चुकली आणि त्याला स्वतःलाच उशीर झाला. रस्ता मुंगीच्या पावलाने चाललेला. तो एरवी पडून असलेली मोटरसायकल घेऊन उंटावरून उतरला, इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप स्वतःच्याच रॅम्पच्या रांगेत लागला. नंबर आला तेव्हा त्याला कडेचा एक टवका उडालेला दिसला. बोटाने तो किती मिलिमीटर आहे ते चाचपू लागला, तोच मागून हॉर्न वाजला.

"ओ काका, चढा की. रॅम्प काय तुमच्या बापाचा आहे का?"

ज्योतीरामने गेटवरच्या अट क्रमांक सातकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला, आणि चढला.