पापलेटाचा मंजूर अर्थ

बोळिंजच्या एका सात मजली सोसायटीत खालच्या भिंतीला ओल आली, तेव्हा ती चित्राने झाकण्याचा ठराव कमिटीने एकमताने केला. काम सरोजिनीबाईंकडे गेलं. त्या ड्रॉइंगच्या निवृत्त शिक्षिका, तिसऱ्या मजल्यावरच्या आणि मुख्य म्हणजे फुकट. बाईंनी महिनाभर खपून उडणारं पापलेट काढलं, त्याच्या पाठीवर जिना, जिन्याच्या टोकाला तीन पायांची खुर्ची आणि खुर्चीतून उगवलेली केळ. चाळीस वर्षं पोरांना फुलदाण्या काढायला लावल्यावर त्यांनी पहिल्यांदाच मनातलं काढलं होतं. कोणीतरी दोन मिनिटं उभं राहून ते बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी चंद्रहास फाईल घेऊन दारात हजर.

"बाई, चित्राचा अर्थ काय?"

"अर्थ कसला? मला दिसलं, मी काढलं."

"असं चालत नाही. चेअरमन मार्सेलभाऊंची लेखी तक्रार आहे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा लंगडी खुर्ची म्हणजे तेच. लिफ्टचं काम बघणारे मितेशभाई म्हणतात, जिना हा बंद लिफ्टवरून टोमणा आहे."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि 'चित्रात कोणीही नाही' असं सही करून दिलं. झालं! काल रागावलेले सभासद आज दुखावले.

"अठरा वर्षं चेअरमन आहे मी," मार्सेलभाऊ म्हणाले, "आणि चित्रात मी नाही?"

मग अर्थनिश्चिती उपसमिती नेमली गेली. प्रत्येकाने आपला अर्थ विहित नमुन्यात द्यावा. भाडेकरूंना मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय अर्थ लावता येणार नाही. बावन्न अर्थ आले. कमिटीची निवडणूक तोंडावर असल्याने बावन्नही मंजूर झाले, आणि ते मावतील एवढा आठ फुटी बोर्ड बनला. अर्थ चित्रालगतच हवा असा ठराव होता आणि भिंत तर एकच, तीही चित्राने भरलेली. बोर्ड चित्रावर ठोकला.

"अहो, चित्र दिसत नाही आता," बाई कळवळून म्हणाल्या.

"चित्रात काय आहे ते सगळं लिहिलंय की," चंद्रहास समजुतीने म्हणाला.

आता येणारेजाणारे थांबतात, शेवटपर्यंत वाचतात, "छान काढलंय हो" म्हणतात. बाईंच्या डोळ्यांत पाणी येतं. ते समाधानाचं असल्याची नोंद उपसमितीने इतिवृत्तात केली आहे.

आणि तुम्ही हसू नका. ते पापलेट कोणत्या रंगाचं होतं, हे तुम्हीही विचारलं नाहीत. त्याचा मंजूर अर्थ काय, हे मात्र मघापासून शोधताय. त्रेपन्नाव्या अर्जाची मुदत रविवारपर्यंत आहे.