गौरांगी नावाचा किडा

"फुलपाखरू आहे जी! अंदमानातल्या बेटावरचं. आमच्या गौरांगचं नाव दिलं त्याला विनीतानं."

आई फोनवर बोलत होती आणि स्वयंपाकघराच्या दारात विनीता चहाचा कप हातात धरून तशीच थांबली. ते फुलपाखरू नव्हतं. ढालीच्या आकाराचा, नखाएवढा, तपकिरी किडा होता तो. दाबला की घाण वास सोडणाऱ्यांपैकी. पण दादा गेल्यापासून आई फोनवर "हो", "बरं", "ठेवते" यापलीकडे गेली नव्हती. आज तिचा आवाज चढला होता. विनीताला तो खाली आणवेना.

गौरांग लष्करात होता. अंदमानात नेमणूक झाली तेव्हा विनीतानं, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बहिणीनं, त्याला गमतीनं म्हटलं होतं, "माझ्यासाठी दोन-चार किडे पकडून पाठव." त्यानं खरंच पाठवले. पण डबी जबलपूरच्या घरी पोचली त्याच्या आधी त्याची बोट उलटून तो गेल्याची बातमी पोचली होती. कित्येक महिने डबी कपाटात होती. मग एकदा तिनं ती उघडली, भिंगाखाली एकेक किडा ठेवला, आणि त्यातल्या एका जातीच्या खांद्यांवरचे काटे तिला कुठल्याच पुस्तकात सापडेनात. वर्षभर ती त्याच्यावरच बसली. मिशांची पेरं मोजली, पाय मोजले, बाहेरगावच्या संग्रहालयांतले नमुने मागवून ताडून पाहिले. जात नवी निघाली. तिचं वर्णन छापून आलं आणि नावात दादा आला.

आईला तिनं एवढंच सांगितलं होतं, "एका नव्या कीटकाला दादाचं नाव दिलं." कीटकाचं फुलपाखरू आईनं केलं, आणि फोनच्या पलीकडे होते मराठी मंडळाचे सचिव नीलकंठराव. त्यांच्या हातात काही पडलं की त्याचा कार्यक्रम होत असे.

दुसऱ्याच दिवशी ते घरी आले. "विनीता, मंडळात सत्कार करून राहिलो आपण. चिमुकल्या पोरींचा फुलपाखरू डान्स ठेवला. बॅनर बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात छापायला दिला, निळं फुलपाखरू, एकदम झकास. फक्त एक करेक्शन कर."

"कोणतं, काका?"

"ते छापून आलेल्या नावात 'गौरांगी' काहून लिहिलं? पोरीचं नाव वाटते न! आपला गौरांग एवढा सहा फुटी गडी."

"लॅटिनचा नियम आहे, काका. पुरुषाचं नाव असलं की शेवटी 'ई' लागते."

"अच्छा. अन् बाईचं असलं तर?"

"तर 'ए' लागते."

"उलटंच आहे सगळं," नीलकंठराव खिन्नपणे म्हणाले. "चलो, बॅनरवर मी नुसतं गौरांग टाकतो. लॅटिनवाले कुठे पाहायला येऊन राहिले?"

विनीतानं तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं तिनं. तेवढ्यात आई आतून शंकरपाळे घेऊन आली. शंकरपाळे त्या घरात दादानंतर झालेच नव्हते. विनीतानं उघडलेल्या तोंडात एक शंकरपाळा टाकला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पाऊस नुकताच सरला होता, उकडत होतं, आणि मंडळाच्या सभागृहाच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. ट्यूबलाइटभोवती किडे जमले. पुठ्ठ्याचे पंख लावलेल्या पोरी नाचू लागल्या. पाहुणे म्हणून आलेले निवृत्त कर्नल पहिल्या रांगेत ताठ बसले होते. वरून काहीतरी टपकून त्यांच्या कॉलरमध्ये शिरलं. कर्नलसाहेबांनी ते तिथेच चिरडलं.

"अरे, ये कैसी बदबू है भाई!"

पहिली रांग उठली. मग दुसरी. पोरी नाचता नाचता नाकं धरू लागल्या. आणखी चार-पाच किडे खाली पडले, तसे नीलकंठराव माईकवरून ओरडले, "घाबरू नका! चपला काढा अन् हाणा!"

चपला वर गेल्या.

"काका, मारू नका!" विनीता धावत व्यासपीठावर गेली. माईक कधी हातात आला ते तिला कळलं नाही. "मारू नका यांना. दादाच्या नावाचा किडा... तो यांच्यातलाच आहे. याच कुळातला. फुलपाखरू नाहीये तो."

चपला हवेतच राहिल्या. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, मग खोकल्यासारखं केलं.

नीलकंठरावांनी सावरायचा प्रयत्न केला. "पण रंग तर छान असेल न?"

"तपकिरी आहे," विनीता म्हणाली.

तिनं आईकडे पाहिलं. आईची खुर्ची रिकामी होती.

आई बाहेर पायरीवर बसली होती. विनीता शेजारी टेकली. "चुकलं माझं, आई. आधीच सांगायला पाहिजे होतं तुला."

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"कोणता किडा ते. बोट उलटली त्याच्या आदल्या रविवारी फोन आला होता त्याचा. म्हणे विनूसाठी किडे पकडले, रुमालात बांधून खिशात ठेवले, अन् मेसमध्ये विसरून त्यांच्यावरच बसलो. साहेबांसमोर! सगळ्यांनी ताटासकट बाहेर काढलं त्याला. एकटा नारळाखाली बसून जेवला. मी इतकी हसली, इतकी हसली, की गॅसवरची भाजी करपली."

"मग फुलपाखरू काहून सांगितलं लोकांना?"

"किडा म्हटलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, कोणता, कसा सापडला. मग हे सांगावं लागलं असतं. ते शेवटचं हसणं होतं आमचं. कोणाला द्यायचं नव्हतं मला."

"मलाही?"

"तुला आता दिलं न."

विनीताच्या डोळ्यांसमोर सहा फुटी दादा उभा राहिला. ताट घेऊन, मागून घाण वास येणारा, नारळाखाली जागा शोधणारा. तिला हसू फुटलं. ते पाहून आईला फुटलं. आईनं पदर तोंडात धरला, तरी थांबेना. दोघी एकमेकींना धरून हसत सुटल्या.

नीलकंठराव माफी मागायला दारापर्यंत आले होते. पाठमोऱ्या मायलेकींचे हलणारे खांदे त्यांना दिसले, तसं त्यांनी आतल्यांना हातानंच गप्प राहायला सांगितलं आणि हळूच दार लोटून घेतलं. त्या रडताहेत हा त्यांचा अंदाज तोवर चुकीचाही राहिला नव्हता.