समान गुण

निकेश मेडिसिनच्या पेपरात थोडक्यात नापास झाला, तेव्हा त्याच्याइतकंच वाईट सुजितला वाटलं. कारण सुजित पास झाला होता. दोघं हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहत, एकाच नोट्समधून वाचत. उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स मागवल्या, तर न्यूमोनियाचं उत्तर दोघांचं जवळजवळ शब्दाला शब्द सारखं. निकेशला सात गुण, सुजितला बारा. तपासणारे परीक्षक वेगळे होते, एवढंच.

निकेशने आगरदांड्याला वडिलांना फोन केला. हरेश्वर नुकतेच होडी लावून आले होते.

"एकाच पाटीतली सुरमय, येकीला भाव आन् दुसरी फुकट?" ते कडाडले. "भांड तू! सोडू नको!"

"माझी झेरॉक्सही अर्जाला जोड," सुजित म्हणाला. "माझं काय जातंय?"

तक्रार समितीने दोघांना बोलावलं. अध्यक्षबाईंनी दोन्ही उत्तरं शांतपणे वाचली.

"कॉपी?"

"नाही मॅडम. अभ्यास एकत्र केला," सुजित म्हणाला.

"म्हणजे उत्तरं सारखीच आहेत, असं तुमचं म्हणणं?"

"हो मॅडम."

"मग गुणही सारखेच हवेत."

"हो मॅडम!" दोघं एका सुरात म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी चहासोबत क्रीमरोलही खाल्ले.

आठवड्याने निकाल लागला. समितीला निकेशची तक्रार पूर्णपणे मान्य होती. त्या उत्तराची योग्यता सातच गुणांची असून, दुसऱ्या परीक्षकाने हात सैल सोडला होता. सुजितचे पाच गुण कापले गेले. तोही नापास झाला.

निकेश खाली मान घालून घरी गेला. हरेश्वर जाळं विणत बसले होते.

"वाढले?"

"न्हाय बाबा. सुजितचे कमी झाले."

हरेश्वरांनी जाळं बाजूला ठेवलं.

"म्हंजे आता सारखे झाले."

"व्हय."

संध्याकाळी दारात सुजित उभा. पाठीवर बॅग, डोळे सुजलेले. निकेशला तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"काका, आमच्या म्हसळ्याच्या स्टँडवर 'डॉ. सुजित यांचे हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स लागलाय. काढेपर्यंत घरी जाता येत नाही. इथं राहू?"

"राहा बाला, हवं तेवढं राहा," हरेश्वर घाईने उठले. "जागा हाय, मासळी हाय. दोघं मिळून अभ्यास करा."

"नको!" दोघंही एकदम ओरडले.