आँख में घर होना

हमीदमामूंची कुणाशी नवी ओळख झाली की ते आधी त्याला उजेडाकडं तोंड करायला सांगत. माणूस बिचारा वळे. मग मामू कपाळावर सरकवलेलं घड्याळजीचं भिंग डोळ्यावर ओढत, अंगठ्यानं त्याची खालची पापणी ताणत आणि आत डोकावत. नाव, गाव, काय काम काढलंत, ही सगळी चौकशी त्यानंतर.

मी बदली होऊन औरंगाबादला आलो आणि खोली मागायला त्यांच्याकडं गेलो. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, खालीच घड्याळदुरुस्तीचं दुकान. माझ्याही पापणीची तीच गत झाली. बराच वेळ बघून मामूंनी मान हलवली.

"घर नाय दिसत."

"म्हणून तर भाड्यानं मागतोय," मी म्हणालो.

मामू हसले नाहीत. आत तोंड करून बायकोला ओरडून म्हणाले, "सीधा आदमी है. उड़ने का दमच नै आँख में. दे देव खोली."

अशा रीतीनं मला गच्चीवरची खोली मिळाली, कबुतरांच्या ढाबळीला लागून.

घड्याळं मामू पोटापुरती दुरुस्त करत. जीव सगळा शर्यतीच्या कबुतरांत. पाट्यांत भरून ती आगगाडीनं जालन्याला, परभणीला न्यायची, तिथून सोडायची, आणि ज्याचं आधी घरी पोचेल तो जिंकला. कुठलं पाखरू परत येईल हे मामू त्याच्या डोळ्यावरून सांगत. बुबुळाभोवतीचं कडं बघत, कड्यातला बारीक दाणा बघत, लाल दोरे बघत, आणि सगळं बघून झालं की एकच वाक्य म्हणत, "आँख में घर होना!" दखनीत 'होना' म्हणजे 'पाहिजे', हे मी चहाच्या हॉटेलात शिकलो होतो. डोळ्यात घर पाहिजे. ते असलं तर पाखरू कुठूनही परत येणार, नसलं तर गेलंच म्हणून समजा.

ही विद्या त्यांना एका उस्तादांनी दिली होती. पोलिस ॲक्शनच्या धामधुमीत उस्ताद हैदराबादेकडं निघून गेले आणि शिक्षण अर्ध्यावर राहिलं. उरलेलं अर्धं मामूंनी स्वतःच तयार केलं. घोटाळा बहुतेक त्याच अर्ध्यात असावा.

कारण त्यांचा लाडका सुलतान, ज्याच्या डोळ्यात घर काय, अख्खा मोहल्ला दिसतो असं ते सांगत, तो पहिल्याच शर्यतीत बेपत्ता झाला. पुढं तो बदनापूरच्या एका पिठाच्या गिरणीत सापडला. मजेत दाणे टिपत होता, शिवाय संसारही थाटला होता.

"घर तो हैच आँख में," मामू शांतपणे म्हणाले. "पत्ता गलत पड़ गया."

उलट एक राखाडी मादी होती. तिचे डोळे चुन्याच्या निवळीसारखे फिके. दाणा नाही, दोरा नाही. मामूंनी तिचं नावच 'कंडम' ठेवलं होतं. ती दर वेळी सगळ्यांच्या आधी परत येई.

"चुकून येती ती," मामू म्हणत.

"दर वेळी चुकून?"

"आदत पड़ गई उसकू गलती की."

नसीम ही मामूंची एकुलती एक मुलगी. तिला स्थळं येऊ लागली आणि या भिंगानं घरात खरा धुमाकूळ घातला. आलेल्या प्रत्येक मुलाला मामू खिडकीशी नेत. एकाला म्हणाले, हा उडेल आणि परदेशात जाऊन बसेल. दुसऱ्यानं चष्मा काढायला नकार दिला. तिसरा यायच्या आधी त्याचे डोळे आले होते. तरी मामूंनी त्या लालबुंद डोळ्यात नाक खुपसलंच. मुलगा गेला, डोळे राहिले. आधी मामूंचे आले, मग माझे आले आणि मग सगळ्या गल्लीचे.

"पोट्टी बुड्ढी होजाती इनके भिंगे के पीछे!" मुमानी, म्हणजे मामूंच्या बायको, माझ्याकडं तक्रार करत. "एक दिन चूल्हे में डालतीच मैं उसकू!"

गल्लीत बोललं जाई की हमीदला पोरगी द्यायचीच नाहीये. मलाही तसंच वाटे. रोज संध्याकाळी बापलेक गच्चीवर उभे राहून "आव, आव" करत कबुतरं उतरवत. नसीम गेल्यावर आपण एकटेच आभाळाकडं बघत बसणार, हे मामूंना सोसवत नव्हतं, आणि ते दिसत होतं. नसीम मात्र कधी कुरकुरली नाही. पाहुणे यायच्या आधी ती स्वतः ओढणीनं भिंग पुसून अब्बांच्या हातात देई. केवढी आज्ञाधारक मुलगी, असं मला वाटे.

मग जालन्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत ड्रॉइंगमास्तर होता, आणि नसीम शिकत होती त्याच अध्यापक विद्यालयातून शिकून गेलेला. पाहुणे दारात टांग्यातून उतरले, आणि भिंग सापडेना. मामूंनी कपाळ चाचपलं. मुमानींनी गाद्या झटकल्या. मी दुकानात धावलो, तर तिथलं जादा भिंगही गायब.

मुलगा आपणहून खिडकीशी जाऊन उजेडाकडं तोंड करून उभा राहिला. त्याला हे कुणी शिकवलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मामूंनी पापणी ताणून नुसत्याच डोळ्यांनी त्याच्या डोळ्यात बघितलं. मग पडद्याकडं वळून विचारलं, "नसीम, भिंगा दिसा क्या कहीं..."

"नै अब्बा!" प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं.

मामू जरा वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी मुलाची पापणी सोडली.

"घर है," ते म्हणाले.

त्यांचं मन फिरायच्या आत मुमानींनी सगळ्यांच्या तोंडात साखर कोंबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबुतरांना दाणे घालायला मामूंनी बाजरीचा डबा उघडला. आत दोन्ही भिंगं होती. मामूंनी ती झटकली आणि मला दाखवली.

"देखो मियाँ. पैले वालों के टाइम पे खुद पोछ के देती थी." ते खो खो हसायला लागले. "और मैं समझा, मैं 'ना' बोलरा था!" मग पाठ फिरवून ते बराच वेळ एकाच कबुतराला दाणे घालत राहिले.

लग्न झालं. निरोपाच्या वेळी मामूंनी नसीमच्या सामानात एक छोटी पाटी ठेवली. मी डोकावलो, तर आत कंडम.

"अहो मामू, एवढी उमद्या डोळ्यांची पाखरं असताना हीच?"

"उन लोगां शर्यत के वास्ते," मामू म्हणाले. मग नसीमला हळूच सांगितलं, "खैरियत रही तो सुबह छोड़ देना, बेटा."

नंतर मामूंचं दुकानात लक्ष लागेना. गिऱ्हाईक घड्याळ घेऊन उभं असायचं आणि मामू गच्चीवर, जालन्याच्या दिशेला तोंड करून. कंडम नाहीच आली तर, हा विचार मलाही छळायला लागला. सुलतानची गिरणी वाटेतच होती.

एका सकाळी मी दाढी करत होतो, तेवढ्यात गच्चीवर पंखांची फडफड झाली. कंडम ढाबळीवर बसली होती. मी साबणाच्या तोंडानं तसाच बाहेर आलो. तिच्या पायाला चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती.

मामूंनी तिला अलगद धरलं, तिचं तोंड उजेडाकडं केलं आणि भिंग डोळ्यावर ओढून त्या फिक्या, बिनदाण्याच्या डोळ्यात बघू लागले. बघतच राहिले.

"काय मामू, दिसलं का घर आता?" मी चिडवलं.

मामूंनी भिंग काढलं नाही.

"घर नै देखरा मियाँ," ते म्हणाले. "आज सुबह ये नसीमकू देखी हुइंगी ना."

जिन्याशी मुमानी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. पदराला पिठाचे हात पुसत त्या पुढं आल्या आणि मामूंच्या दंडाला ढोसून म्हणाल्या, "हो गया तुम्हारा? लाव वो भिंगा इधर. मेरेकू भी देखने देव."