तारोडी खाजत न्हाय

आमच्या समोरच्या घरातले पास्कल मिस्त्री सकाळी दार उघडायचे, पेपर उचलायचे आणि जाहीर करायचे, "मास्तर, आज खारी खाजते."

नवा माणूस गोंधळायचा. आम्ही जुने भाडेकरू फक्त "बरं" म्हणायचो. मिस्त्रींनी चाळीस वर्षं मीरा-भाईंदरभर लाद्या बसवल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांना सिमेंटची ॲलर्जी निघाली. डॉक्टर म्हणाले धंदा बदला, तर मिस्त्रींनी डॉक्टर बदलला. तेव्हापासून ज्या कामावर चट्टा उठला, त्या जागेचं नाव त्या चट्ट्याला. डाव्या मनगटावर खारी, उजव्या पोटरीवर उत्तन, दोन बोटांच्या बेचक्यात मीरा रोडची एक सात मजली बिल्डिंग. मी शाळेत भूगोल शिकवतो. इतका तपशीलवार नकाशा माझ्या वर्गात नाही.

पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तारोडी. ते मिस्त्रींचं गाव. लग्नानंतर तिथल्या घराची लादी त्यांनी आणि रोझीबाईंनी मिळून बसवली. सिमेंटच्या गोण्या मिस्त्रींनी भर उन्हात उघड्या पाठीवरून वाहिल्या. तिथं स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून खाजवण्याचं ते खातं कायम रोझीबाईंकडे असायचं. तीन वर्षांपूर्वी रोझीबाई गेल्या.

मध्यंतरी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी मेसेज टाकला, की जुनी ॲलर्जी म्हणजे पुढे कातडीचा कॅन्सर. खाली अकरा जणांनी हात जोडले होते. मिस्त्री फोन घेऊन माझ्याकडे आले. "मास्तर, हे खरं हाय काय?" मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

बाई शांत होत्या. म्हणाल्या, "वर्षानुवर्षं सूज राहिली तर पेशी बिघडू शकतात, असं एक म्हणणं आहे. उलट हीच ॲलर्जी कधीकधी बिघडलेल्या पेशी वेळीच बाहेर काढत असेल, असंही आहे. अजून शोध चाललाय."

"म्हणजे खाज वॉचमन हाय की चोर, तेच ठरलं न्हाय," मिस्त्री म्हणाले.

"तसंच समजा. खाजवता कशानं?"

"थापीनं."

"कसली थापी?"

"सिमेंटची. पण धुऊन."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली, कारण ती थापी मी रोज बघत होतो आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. शर्ट काढायला सांगितल्यावर मात्र मिस्त्री अडून बसले. बाईमाणसासमोर काढणार न्हाय. हात दाखवले, पाय दाखवले, पाठ राहिली. शेवटी बाई म्हणाल्या, "ठीक आहे. पण कुठलाही चट्टा वेगळा वागायला लागला, तर ताबडतोब यायचं."

थापी माळ्यावर गेली. मलम आलं. खारी, उत्तन निवळले. मिस्त्री थोडे उदास दिसायचे, सकाळी जाहीर करायला काही उरलं नव्हतं.

मग एका रविवारी त्यांनी माझं दार वाजवलं.

"मास्तर, तारोडी खाजत न्हाय."

"वा! अभिनंदन," मी म्हणालो.

"अभिनंदन काय? पस्तीस वर्षांत कधी गप बसली न्हाय ती. मलम पण तिथं पोचत न्हाय. बाई बोलली न, वेगळी वागली तर या. जरा बघा."

त्यांनी माझ्या हॉलमध्ये शर्ट काढला. खांद्यांच्या मधे रुपयाएवढी एक कडक गाठ होती, वर खपली, कडेला रक्त सुकलेलं.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"काय म्हायती! पाठ माझी, पण बघायची रोझी."

तीन वर्षं रोज सकाळी मी या माणसाशी बोलत होतो. त्याची पाठ बघणारं आता कोणी नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर त्यांनी मुकाट्यानं शर्ट काढला. तुकडा तपासायला गेला. रिपोर्टला आठवडा लागला आणि तो आठवडा मिस्त्रींनी दारातला पेपरही उचलला नाही. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा. बाईंनी गाठ मुळासकट काढली, पाच टाके घातले. उन्हामुळे की जुन्या सुजेमुळे, हे सांगता येत नाही म्हणाल्या. दर महिन्याला घरच्या कोणीतरी पाठ नीट बघायची, हे मात्र बजावून सांगितलं.

"घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं. "हा हाय."

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते येतात, शर्ट काढून स्टुलावर बसतात. मी चष्मा लावून खांद्यापासून कंबरेपर्यंत सगळा मुलूख बघतो आणि सांगतो, "सगळं ठीक."

"आणि तारोडी?"

"नुसता टाक्यांचा व्रण आहे."

मागच्या खेपेला ते शर्ट घालायला उठलेच नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "तिथं जरा खाजवा, मास्तर."

"खाजतंय का?" मी घाबरून विचारलं.

"न्हाय खाजत. तरी पण."

खाजवायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. मी तिथं नुसता हात ठेवला. त्यांच्यासाठी केलेला चहा निवला तरी ते उठले नाहीत आणि मीही हात काढला नाही.